क्लाउड हवाच, पण एक प्रत आपल्या ताब्यात

जुलै महिन्यात गोव्याच्या सत्तरीतल्या किंवा सांग्यातल्या एखाद्या पंचायतीत दाखला मागायला गेलेल्या माणसाला ठरलेलं उत्तर मिळतं: 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.' सर्व्हर त्या वेळी पुष्कळदा ठणठणीत चालू असतो. तो पणजीत असो, मुंबईत असो की हैदराबादेत, त्याला जनरेटर असतो, थंड हवा असते, चोवीस तास लक्ष ठेवणारी माणसं असतात. बंद पडलेली असते ती त्याच्यापर्यंत जाणारी शेवटच्या चार-पाच किलोमीटरची वाट.

हवी तेव्हा हवी तेवढी संगणकशक्ती भाड्याने घ्यायची आणि आपला डेटा कुठूनही उघडायचा, ही क्लाउडची पद्धत गोव्याने स्वीकारावी असंच माझं मत आहे. पण ती स्वीकारताना आपण फक्त पलीकडचं टोक विकत घेतो. करारात सर्व्हर ९९.९ टक्के वेळ चालू राहील असं लिहिलेलं असतं. वाळपईच्या खिडकीवर काम चालू राहील असं कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून मागणी अशी, की लोकांचा डेटा सांभाळणाऱ्या प्रत्येक संस्थेने, मग ती पंचायत असो, पालिका, पतसंस्था, शाळा किंवा इस्पितळ, क्लाउड जरूर वापरावा. मात्र त्या डेटाची पूर्ण, उघडता येणारी आणि तपासून पाहिलेली एक प्रत इथे, स्वतःच्या ताब्यात ठेवावी, आणि नेट नसताना निदान एक दिवस काम चालेल अशी व्यवस्था करावी.

आधी त्या शेवटच्या वाटेबद्दल, कारण बहुतेक चर्चा तिथपर्यंत पोहोचतच नाही. छोट्या कचेरीत फायबरची जोडणी ज्या पांढऱ्या डब्यात येते त्याला ओएनटी म्हणतात. त्यावरचे दिवे बघितले तरी अर्धं निदान होतं. पॉवरचा दिवाच बंद असेल तर लाईट गेली आहे किंवा अडॅप्टर जळला आहे. 'लॉस'चा दिवा लाल लुकलुकत असेल तर तारेतून प्रकाशच येत नाही: फायबर तुटली आहे, कुठेतरी फार वाकली आहे, किंवा पलीकडच्या एक्स्चेंजमधलं यंत्र विजेअभावी बंद आहे. दोन्ही दिवे ठीक असूनही पान उघडत नसेल, तर दोष पुढच्या जाळ्यात किंवा खरंच सर्व्हरमध्ये आहे. तिन्ही बिघाडांवर उपाय वेगळा आणि माणूसही वेगळा, पण खिडकीवर तिन्हीला 'सर्व्हर डाऊन' हे एकच नाव मिळतं. नाव एकच असल्यामुळे तक्रारही चुकीच्या दारात जाते आणि दोन दिवस तिथेच पडून राहते.

गोव्यात फायबर बरीचशी खांबांवरून गेलेली आहे. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि खांबांच्या दोन्ही बाजूंना माड, फणस, आकेशिया. फांदी पडली की वीज आणि फायबर एकदमच जातात. वीज जोडणाऱ्यांची गाडी आधी येते, फायबरवाला नंतर. तुटलेली दोन टोकं सोलून, स्पिरिटने पुसून, सरळ कापून यंत्रात वितळवून जोडावी लागतात. चांगल्या जोडात प्रकाशाची गळती ०.१ डेसिबलहूनही कमी असते. भर पावसात, ओल्या हातांनी, छत्रीखाली केलेला जोड तितका चांगला उतरत नाही. अशा तीन-चार जोडांनंतर जोडणी तुटत नाही, पण रोज येते आणि जाते. ओएनटीच्या माहितीच्या पानावर 'आरएक्स पॉवर', म्हणजे डब्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, हा आकडा दिसतो. तो उणे वीसच्या आसपास असला तर उत्तम, उणे सत्तावीसच्या खाली घसरला की दुखणं सुरू. हा आकडा महिन्यातून एकदा वहीत लिहून ठेवायला कारकुनाचं एक मिनिट जातं, आणि तक्रार करताना हातात पुरावा असतो.

विजेचंही तसंच. कचेरीतल्या सहाशे व्हीएच्या यूपीएसमध्ये साधारणपणे बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे जेमतेम ८४ वॅट-तास. संगणक आणि पडदा तिच्यावर पंधरा-वीस मिनिटं निघतात. शिशाच्या या बंद बॅटऱ्यांना २५ अंशांवर तापमान गेलेलं सोसत नाही. आठ-दहा अंश वाढले की आयुष्य निम्म्यावर येतं. बंद खोलीत, कपाटाशेजारी कोंबलेली बॅटरी दोन वर्षांत निकामी होते आणि ते कळतं नेमकं लाईट गेल्यावर. उलट ओएनटीला फक्त दहा-बारा वॅट लागतात. त्याच्यासाठी वेगळी, तीस वॅट-तासांची छोटी लिथियम बॅटरी लावली तर तो अडीच-तीन तास चालतो, आणि लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर तेवढाच. टेबलावरच्या संगणकांऐवजी लॅपटॉप घेतले तर पंचायतीचा अर्धा प्रश्न इथेच सुटतो. हे मोठ्या योजनेत बसत नाही म्हणून होत नाही, एवढंच.

भाड्याची संगणकशक्ती वाईट आहे असा याचा अर्थ कुणी काढू नये. ॲमेझॉनने २००६ मध्ये साठवण आणि सर्व्हर भाड्याने द्यायला सुरुवात केली, भारत सरकारचा 'मेघराज' हा क्लाउड २०१४ मध्ये आला, आणि २०१५ ते २०१७ या काळात मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन आणि गुगल यांची केंद्रं पुणे, मुंबई, चेन्नईत उभी राहिली. तेव्हापासून लहान संस्थेने स्वतःचा सर्व्हर कपाटात ठेवण्यात शहाणपण उरलेलं नाही. समुद्रकाठच्या खारट दमट हवेत त्याचे संपर्क गंजतात, पंख्यात बुरशीची धूळ बसते, आणि तो दुरुस्त करणारा माणूस चतुर्थीच्या आठवड्यात मिळत नाही.

भाड्याने घेण्याचं सर्वांत चांगलं उदाहरण पणजीतच आहे. गोव्याच्या पुराभिलेखागाराची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते. पोर्तुगीज भाषेतले, मोडी आणि जुन्या गोयकानडी लिपीतले कागद तिथे आहेत. समजा त्यातली दहा लाख पानं ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केली. ए-फोर आकाराचं एक पान दाबून लहान न करता सुमारे २६ एमबीचं होतं. एकूण २६ टीबी. त्यातली मोडी अक्षरं संगणकाकडून वाचून घ्यायची तर शक्तिशाली जीपीयू, म्हणजे असे हिशेब झपाट्याने करणाऱ्या चिपा, काही आठवडे लागतील आणि मग वर्षभर लागणार नाहीत. जत्रेपुरता मांडव कुणी विकत घेत नाही, तसंच हे. केंद्राच्या इंडिया-एआय मोहिमेत जीपीयू तासाला सुमारे ६५ रुपयांनी देण्याची सोय केली आहे. अभिलेखागार आणि गोवा विद्यापीठ मिळून असं काम करू शकतील, तेही एकही महागडं यंत्र न घेता.

पण इथेच पुढचा हिशेब करून बघावा. १०० एमबीपीएसची लाईन पूर्ण वेगाने चालली तरी एक टीबी जायला बावीस तास लागतात. २६ टीबीला चोवीस दिवस, तेही मध्ये एकदाही न तुटता. सरळ हार्ड डिस्क कुरिअरने पाठवणं लवकर होतं. आणि परत आणायचं झालं तर मोठ्या कंपन्या डेटा बाहेर नेण्याचे वेगळे पैसे लावतात. मुंबईच्या केंद्रासाठी ॲमेझॉनचा सुरुवातीचा दर जीबीला सुमारे ०.११ डॉलर आहे. पुढच्या टप्प्यांत तो थोडा उतरतो, तरी २६ टीबीचं बिल दोन लाख रुपयांच्या वर जातं. ठेवताना स्वस्त, नेताना महाग. २०२४ मध्ये गुगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टने कायमचं सोडून जाणाऱ्या ग्राहकाला हे शुल्क माफ करण्याची सोय केली, आणि युरोपात तर १२ जानेवारी २०२७ पासून पुरवठादार बदलण्याचं शुल्क कायद्यानेच बंद होणार आहे. आपल्या पालिकेच्या किंवा पतसंस्थेच्या हातात मात्र करारातली अट हेच हत्यार आहे, आणि ती सही करण्याआधीच घालावी लागते.

प्रत इथेच हवी यामागचं खरं कारण पैसा नाही. दूरचं केंद्र कितीही भक्कम असलं तरी तिथे काय घडेल ते आपल्या हातात नसतं. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात नावांवरून पत्ते शोधणारी यंत्रणा बिघडली आणि जगभरातल्या कितीतरी सेवा काही तास थांबल्या. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन संस्थेचं गुगलकडचं खाजगी क्लाउड एका चुकीच्या सेटिंगमुळे पुसलं गेलं. सहा लाखांहून अधिक सभासद आठवडाभर ताटकळले. संस्थेने दुसऱ्या पुरवठादाराकडे वेगळा बॅकअप ठेवला होता, तो डेटा पुन्हा उभा करताना कामाला आला. जुलै २०२५ मध्ये तर गुजरातेत तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जीची मायक्रोसॉफ्टवरची खाती युरोपीय निर्बंधांचं कारण देऊन बंद झाली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि सेवा परत मिळाली. मोठी कंपनी काही दिवसांत न्यायालय गाठू शकते. डिचोलीची पतसंस्था काय करील?

'मग गोव्याचं स्वतःचं मोठं डेटा सेंटर उभारा,' असं काहीजण म्हणतात. हा मुद्दा भावनेला पटतो, पण हिशेबात बसत नाही. दहा मेगावॅटचं मध्यम केंद्र दिवसाला २,४०,००० युनिट वीज खातं. गोव्याची जवळजवळ सगळी वीज बाहेरून येते, आणि ती आणणाऱ्या नव्या वाहिन्यांसाठी मोलेंच्या जंगलातून जावं की नाही यावर इथे आंदोलन झालं आहे. आणि इमारत आपली असली म्हणून डेटा सुरक्षित होतोच असंही नाही. दक्षिण कोरियाच्या सरकारचं केंद्र त्यांचं स्वतःचंच होतं. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन इथे लिथियम बॅटऱ्या हलवताना आग लागली, सुरुवातीला ६४७ यंत्रणा बंद झाल्या, आणि 'जी-ड्राइव्ह' ही अधिकाऱ्यांची साठवण जळून गेली. ८५८ टीबी. प्रत्येक अधिकाऱ्याला ३० जीबी जागा दिलेली होती आणि त्यांच्या एका मंत्रालयात तर सगळी कामं संगणकावर न ठेवता तिथेच ठेवण्याचा आदेश होता. आकार फार मोठा म्हणून बाहेर बॅकअप ठेवलेला नव्हता. तंत्रज्ञानात जगात पुढे असलेल्या देशाचं हे झालं. इमारत कुणाची होती यापेक्षा दुसऱ्या जागी प्रत होती का, हा प्रश्न तिथे महत्त्वाचा ठरला.

आणि आपला डेटा ८५८ टीबी नाही, ही आपली मोठी सोय आहे. पाच हजार सभासदांची पतसंस्था घ्या. प्रत्येकाच्या वर्षाला पन्नास नोंदी, वीस वर्षं. पन्नास लाख नोंदी झाल्या. एका नोंदीला दोनशे बाइट धरले तरी सगळं मिळून एक जीबी. छोट्या पंचायतीची जन्म-मृत्यू, घरपट्टी, परवाने यांची नोंद याहूनही कमी भरेल. जागा खातात ते स्कॅन केलेले कागद. दोन टीबीच्या दोन साध्या हार्ड डिस्का, दोन वेगळ्या इमारतींत, पुरतात. एक पंचायतीत, दुसरी तालुक्याच्या ठिकाणी. वर क्लाउडवरची प्रत धरली की तीन प्रती, त्यातली एक दूर. पेन ड्राइव्हवर विसंबू नये, आणि एसएसडी, म्हणजे चिपांवर साठवण करणारी डिस्क, वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात ठेवू नये, कारण त्यातला भार हळूहळू उतरतो. हार्ड डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. जुलैतल्या आर्द्रतेत उघड्यावर ठेवलेल्या वस्तूचं काय होतं ते गोंयकाराला सांगायला नको. डिस्क कायम संगणकाला जोडून ठेवणं ही सर्वांत सर्रास होणारी चूक. खंडणीखोर व्हायरस आला की तो जोडलेली प्रतही कुलूपबंद करतो. जोडा, प्रत घ्या, काढा, कपाटात ठेवा.

प्रत कुठल्या रूपात घ्यायची यावर मी थोडा जास्त वेळ घेतो, कारण मराठीत काम करणाऱ्यांना याचा फटका आधीच बसला आहे. गोव्यातल्या मराठी शाळा, वाचनालयं, देवस्थानं आणि नियतकालिकांनी १९९० नंतरच्या काळात हजारो पानं जुन्या फॉन्टांत टाइप केली. त्या फाइलींत 'क' हे अक्षर साठवलेलंच नसतं. साठवलेलं असतं एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह, आणि फॉन्ट ते 'क'सारखं दाखवतो. फॉन्ट गेला की उरते इंग्रजी अक्षरांची खिचडी. ती युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, आणताना नुसती अदलाबदल करून भागत नाही. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचं उलट: तो जुन्या पद्धतीत अक्षरानंतर असतो, युनिकोडमध्ये आधी. जोडाक्षर मध्ये आलं की वेलांटी नेमकी कुठे न्यायची हे प्रोग्रामला नियम लिहून शिकवावं लागतं, आणि 'ऱ्य', 'र्‍ह' यांसारख्या रूपांशी बहुतेक कन्व्हर्टर अडखळतात. फाइल शाबूत होती, डिस्क शाबूत होती, तरी मजकूर हरवला. उद्या क्लाउडवरच्या खाजगी सॉफ्टवेअरचं असंच होणार. वर्गणी संपली, कंपनी बंद झाली, की तिच्या खास रूपातली बॅकअप फाइल आपल्याकडे असूनही उघडणार नाही. म्हणून तक्ते युनिकोड सीएसव्हीमध्ये (कुठल्याही प्रोग्रामात उघडणारी साधी मजकूर-फाइल), कागद पीडीएफ-एमध्ये (दीर्घकाळ जपण्यासाठीचं पीडीएफ), आणि कुठल्या रकान्याचा अर्थ काय हे सांगणारं एक साधं पान सोबत. एवढं पुरवठादाराने दर आठवड्याला दिलंच पाहिजे अशी अट हवी.

प्रत घेतली म्हणजे झालं असं मानणारेच शेवटी फसतात. ती परत उभी करून बघितल्याशिवाय तिचा भरवसा धरू नये. कोऱ्या लॅपटॉपवर, नेट काढून, फक्त त्या डिस्कवरून तीन गोष्टी करून दाखवायच्या: एखादी जुनी नोंद शोधणं, तिची प्रत छापणं, आणि एकूण नोंदींची संख्या क्लाउडवरच्या संख्येशी जुळवणं. पहिल्याच वेळी काय काय निघतं ते ठरलेलं आहे. नोंदी आल्या, पण जोडलेले स्कॅन आले नाहीत, कारण बॅकअप फक्त डेटाबेसचा होता. फाइलीचा पासवर्ड क्लाउडवरच्या मेलमध्येच ठेवलेला होता. ओटीपी बदली होऊन गेलेल्या कारकुनाच्या मोबाइलवर जातो. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून पुन्हा सेव्ह केली आणि तारखांत दिवस-महिना उलटे झाले, किंवा सर्व्हे क्रमांक ३/५ ची एक्सेलने तारीख करून टाकली. आणि सर्वांत वाईट, रोजची प्रत चार महिन्यांपूर्वीच बंद पडली होती, कुणाला पत्ता नव्हता. यातली एकही गोष्ट अवघड नाही, पण प्रत्येक गोष्ट संकटाच्या दिवशी कळली तर घातक आहे.

लोकांचा डेटा डिस्कवर ठेवायचा तर ती एन्क्रिप्ट करणं, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करणं, भाग आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. किल्ली दोन माणसांकडे, बंद पाकिटात, दोन तिजोऱ्यांत.

आता नेट नसताना खिडकी चालवण्याचं. सगळं काम तसं करता येणार नाही, आणि करूही नये. जमिनीचं म्युटेशन (फेरफार) किंवा पतसंस्थेतून मोठी रक्कम काढणं थांबलंच पाहिजे, कारण तिथे ताजी स्थिती माहीत असल्याशिवाय निर्णय घेणं धोक्याचं. पण घरपट्टीची पावती, अर्ज स्वीकारणं, जुन्या नोंदीची प्रत ही कामं स्थानिक प्रतीवरून होऊ शकतात. पावती क्रमांकाला प्रत्येक खिडकीचा वेगळा उपसर्ग दिला की दोन ठिकाणी एकच क्रमांक येत नाही. नोंद आधी लॅपटॉपवर बसते, नेट आलं की वर जाते, आणि तीच नोंद दोनदा गेली तरी दोनदा धरली जात नाही, अशी रचना आज कुठल्याही चांगल्या प्रोग्रामरला येते. डिजिटल सही करण्याची गुप्त किल्ली संगणकाला जोडायच्या छोट्या टोकनमध्येच असते, त्यामुळे सहीच्या क्षणी नेट लागतच असं नाही. या रचनेला थोडा जास्त खर्च येतो आणि निविदेत कुणी मागत नाही, म्हणून ती बनत नाही. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यासाठी काणकोणहून दोन बसगाड्या बदलून आलेल्या म्हातारीचा बुडालेला दिवस कुठल्याच निविदेच्या हिशेबात धरलेला नसतो. तो धरावा, हे मी आग्रहाने म्हणतो.

उपग्रहाचं इंटरनेट येतंय, मग हे कशाला, असंही विचारलं जाईल. डोंगराळ भागाला त्याचा उपयोग होईल. पण त्या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात, आणि आपल्याला नेमकी गरज त्याच वेळी असते. तौक्ते वादळ १५-१६ मे २०२१ ला आलं तेव्हा वीज आणि मोबाइल एकदमच गेले होते, काही गावांत कित्येक दिवस.

म्हणून चाचणी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात व्हावी. प्रत्येक तालुक्यातली एक पंचायत, एक पालिका आणि एक पतसंस्था चिठ्ठी टाकून निवडावी, आदल्या दिवशी संध्याकाळी कळवावं, आणि सकाळी दहा ते पाच नेटची तार काढून ठेवावी. त्या दिवशी किती अर्ज आले, किती कामं झाली, कुठली अडली आणि का, याचा तक्ता दुसऱ्या दिवशी फलकावर लागावा. पुढच्या वर्षी क्लाउडचा करार नूतनीकरणाला येईल तेव्हा पुरवठादारासमोर तोच तक्ता ठेवावा.